स्लाइडवरचे आभार

माझ्या नवऱ्याच्या मते जगातलं सगळ्यात निरुपयोगी काम मी करते, आणि तेही फुकटात. एक ऑपरेटिंग सिस्टिम आहे, कुणाच्याच मालकीची नसलेली, जगभरातल्या हौशी लोकांनी मिळून केलेली. ती संगणकात बसायला बराच वेळ लागतो. तेवढा वेळ माणसानं कंटाळू नये म्हणून स्क्रीनवर एकामागून एक स्लाइड सरकत राहतात. इथे फोटो बघा, इथे गाणी ऐका, इथे पत्र लिहा. त्या स्लाइडांवरचा मराठी मजकूर माझा. ऑफिसातून आल्यावर कुकर लावायचा आणि शिट्ट्या होईपर्यंत एखादं वाक्य जमवायचं, असा तो झाला. शेवटच्या स्लाइडवर ‘आमची निवड केल्याबद्दल आपले मनःपूर्वक आभार’ असं होतं. मूळ इंग्रजीत नुसतंच कोरडं धन्यवाद होतं. मी त्याचं किती छान केलं, म्हणून स्वतःवरच खूश होते.

त्याच वाक्यानं बाईंचा घात केला.

बाई म्हणजे मला चौथीला शिकवणाऱ्या बाई. निवृत्त झाल्यापासून नाशिकरोडच्या आमच्या जुन्या कॉलनीत बुद्धविहाराची अभ्यासिका त्या सांभाळत होत्या. कॉलनीतली मुलं तिथे स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करायची. कुठल्याशा कचेरीनं काढून टाकलेले काही संगणक तिथे आले होते आणि ते एकेक करून मान टाकत होते. विहार कमिटीच्या अध्यक्षांनी सांगून टाकलं की वर्षावास संपेपर्यंत, म्हणजे आश्विन पौर्णिमेपर्यंत, ते चालू झाले तर ठीक, नाहीतर भंगारात जातील आणि अभ्यासिकाही दुसऱ्या कुणाकडे देऊ. ‘बाईंचं आता वय झालं,’ हेही ते बाईंच्या तोंडावरच म्हणाले. माणूस नांदगावकडचा, मनानं वाईट नाही, पण जीभ सैल.

बाईंना ते लागलं. त्यांनी मला बोलावून घेतलं. आमची ती सिस्टिम जुन्या संगणकांवरही चालते, मीच बसवून देते म्हटलं, तर नाही म्हणाल्या. तू केलंस तर ते म्हणतील बाईंना जमलं नाही. मग मी त्यांना सिस्टिम घातलेला पेनड्राइव्ह दिला, काय काय दाबायचं ते दाखवलं आणि घरी आले.

दुपारी ऑफिसात फोन आला, जय भीम, झालं गं सगळं. आवाजात अशी ऐट की मलाच भरून आलं. थोड्या वेळानं पुन्हा फोन. आता संगणक सुरूच होत नव्हता. काळी स्क्रीन, वर डोळे मिचकावणारी एक रेघ. काय काय केलं ते मी विचारत गेले आणि उलगडा झाला. बाईंनी सगळ्या स्लाइड मन लावून वाचल्या होत्या. शेवटी आभार आले, तसं त्यांनी बटण बंद केलं, टेबलावरून फडकं फिरवलं आणि त्या चहाला घरी गेल्या. किती काम झालं ते दाखवणारी खालची पट्टी अर्धीच भरली होती, हे त्यांनी पाहिलंही होतं. पण आभार मानून झाल्यावर कोण बसून राहतं?

मी त्यांना हसूच शकले नाही. आपल्याकडे कुठलाही कार्यक्रम असो, शेवटी एक जण माईक हातात घेतो आणि माईकवाल्यापासून सतरंज्या घालणाऱ्यापर्यंत सगळ्यांचे आभार मानतो. लोक तोवर चपला शोधायला लागलेले असतात. बाईंनी आयुष्यभर असे कार्यक्रम पार पाडले. आणि मी, त्याच कॉलनीत वाढलेली, काम अर्ध्यावर असताना आभारप्रदर्शन करून मोकळी झाले होते.

बाईंना राग आला, पण माझा नाही. "चूक फळ्यावर आहे, तर फळा पुसायचा," त्या म्हणाल्या. "तू ते बदल. मग मी पुन्हा करते." मी म्हटलं, तुमच्यापुरतं आजच बदलून देते. तर म्हणाल्या, मग दुसऱ्या कुणाच्या बाईंचं काय?

नव्या आवृत्तीच्या स्लाइड सुधारायच्या, अशी आमच्या गटात चर्चा चालूच होती. शनिवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉल असायचा. मी तिथे बाईंची हकिगत सांगितली. म्हटलं, आभार काढून टाका आणि शेवटी लिहा, अजून काम चालू आहे, संगणक बंद करू नका. ब्राझीलच्या डिझायनरला हकिगत फार आवडली. फिनलंडच्या संयोजक बाई म्हणाल्या, किती गोड. कुणीतरी चॅटमध्ये लाल बदाम पाठवला. मग एकानं विचारलं, पण खाली पट्टी असते ना? त्याला आभारप्रदर्शन म्हणजे काय ते समजावता समजावता माझ्या इंग्रजीचे हाल झाले. चपला शोधणाऱ्या लोकांपाशी मी अडकले ती अडकलेच.

पुढच्या शनिवारी पार्श्वभूमीच्या रंगाचा विषय निघाला. त्यापुढच्या शनिवारी, स्लाइड हव्यातच कशाला, असा मुद्दा निघाला. त्यांच्या मशीनवर म्हणे दुसरी स्लाइड यायच्या आत सगळं बसून होतं. आमच्याकडे तेवढ्या वेळात वरण, भात आणि भाजी होते, हे मी सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणी वाईट नव्हतं हो, हेच तर अवघड होतं. भांडायचं तरी कुणाशी? शेवटी सूचना चांगली आहे असं ठरलं, आणि मजकुराला हात लावायची मुदत संपली आहे असंही ठरलं.

अधूनमधून बाईंचा फोन यायचा. झालं का गं? मी म्हणायचे, ठरतंय, बाई. असं म्हणताना मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. लपूनछपून जाऊन बसवून यावं, असंही कितीदा मनात आलं. पण किल्ली बाईंकडे होती, आणि बाईंना फसवायची माझी छाती नव्हती.

वर्षावास संपला. संगणक भंगारवाल्याच्या टेम्पोत गेले. बाईंनी किल्ली अध्यक्षांच्या हातात दिली, असं कॉलनीतच राहणाऱ्या आईनं मला सांगितलं.

आणि त्यानंतर मेल आला. माझी सूचना मंजूर झाली होती, येत्या नाही, तर तिच्या पुढच्या आवृत्तीसाठी. खाली सगळ्यांचे बदाम. मी तशीच उठून बाईंना फोन केला. छान झालं, म्हणाल्या, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. मी म्हटलं, घरातला जुना लॅपटॉप घेऊन येते, नवी स्लाइड घालून. तुम्ही बसवून बघा, बरोबर होईल.

"नको गं. मला आता नाही जमायचं."

बाईंच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"बाई, चूक स्लाइडची होती," मी म्हणाले. "तुमची नव्हती."

"असू दे गं," बाई म्हणाल्या. त्यांना वाटलं, मी त्यांची समजूत घालतेय.