झेंडूचा हार घातलेला जनरेटर

आई उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये जुनी हत्यारं घ्यायला जाते, तेव्हा पदराच्या गाठीत एक लोखंडी नट बांधून नेते. दुकानदार पान्याची कितीही तारीफ करो, ती पाना आधी त्या नटावर बसवून बघते. जरा डुगडुगला की परत ठेवते. तिची उभी हयात अंबरनाथच्या कारखान्यात मशीनवर गेली. मला मात्र त्या स्वस्तातल्या भंगाराची लाज वाटायची.

बदलापूरच्या घरासाठी मी कोरा करकरीत जनरेटर आणला. दसऱ्याला त्याला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला आणि वर प्लास्टिक टाकून मोकळा झालो. मे महिन्यात वीज गेली. दोरी ओढून ओढून माझा खांदा निखळायची वेळ आली, पण हा ढिम्म! आईने तेच जुने पाने काढले, कार्बोरेटर खोलला, आत सुकून चिकटलेलं पेट्रोल साफ केलं आणि ताजं भरलं. तिच्या पहिल्याच झटक्याला घरातले पंखे फिरले.

मी हात पुसायला फडकं पुढे केलं, तेव्हा ती म्हणाली, "दसऱ्याला पाया पडलास, बरं केलंस. पण नंतर सात महिन्यांत एकदा तरी त्याची विचारपूस केलीस का?"