वन्संची जय्यत तयारी

आमच्या वन्संइतकी संकटाची मनापासून वाट पाहणारी बाई अख्ख्या कृष्णाकाठावर दुसरी सापडणार नाही. संकट येऊ नये म्हणून लोक देवाला नारळ फोडतात. वन्संही फोडतात, पण खोबऱ्याचे तुकडे करून वाळवतात आणि डब्यात भरून ठेवतात, वेळेला उपयोगी पडतील म्हणून. ‘वेळ’ हा शब्द त्यांच्या तोंडी एकाच अर्थानं येतो. घड्याळातल्या वेळेशी त्यांचं काही देणंघेणं नाही; असतं, तर इतकी वर्षं नेमक्या माझ्या दुपारच्या डुलकीच्या वेळी त्यांचा फोन आला नसता. मी लग्न होऊन सांगलीला आले तेव्हापासून पावसानं मला जितकं दमवलं नाही, तितकं ह्या फोननं दमवलं आहे.

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. माहेर सांगलीचं, म्हणजे आमचंच घर. लग्नानंतर उंब्रजला गेल्या आणि बोलण्याचालण्यानं पार तिकडच्याच झाल्या. हमरस्त्यापासून हाकेच्या अंतरावर, जरा चढावर, त्यांचं ऐसपैस घर. यजमानांचं, म्हणजे अण्णांचं, पंप दुरुस्तीचं दुकान. सांगलीत पाणी चढतं आणि उंब्रजच्या चढावरून ते दिसत नाही, एवढंच वन्संचं दुःख. म्हणून फोन. “पानी कुठवर आलंय गं?” हे त्यांचं पहिलं वाक्य. एकदा मी म्हटलं, “वन्सं, मार्च महिना चाललाय. इथं कडक ऊन पडलंय.” त्या म्हणाल्या, “म्हनून तर इचारते. पावसात इचारून काय उपेग? तवा फोन लागत न्हाई.” मी गच्चीवर जाऊन नदीकडं बघून आल्यासारखं करायची आणि सांगायची, “खाली आहे हो.” मग त्या समाधानानं फोन ठेवायच्या आणि माझी झोप गेलेली असायची.

त्यांच्या घराला अण्णा छावणी म्हणत. “वैनी, मी लगीन करून बायको आनली हुती. छावनी कवा झाली ते कळलंच न्हाई,” असं ते मला एकदा शांतपणे म्हणाले होते. तक्रार म्हणून नव्हे, नुसतं कळवावं तसं. जिन्याखाली पाण्याची पिंपं, एकावर एक नव्हे तर एकापुढं एक, म्हणजे जिन्यावर जायचं तर आधी पिंपं ओलांडायची. एरंडेल लावलेली डाळ, कडुनिंबाचा पाला घातलेले तांदूळ, काड्यापेट्या बरणीत आणि बरणीत पुन्हा तांदूळ, दमट होऊ नयेत म्हणून. घरात गॅसच्या दोन टाक्या असताना परसात चुलीची लाकडं, त्यावर ताडपत्री, ताडपत्रीवर दुसरी ताडपत्री. कोयनेच्या बाजूची जमीन अधूनमधून हलते म्हणून काचेचं एकही भांडं कंबरेच्या वर ठेवायचं नाही. त्यामुळं त्या घरी कपबशा शोधायच्या तर जमिनीवर बसावं लागे. आणि गाद्या. उन्हाळ्यात एक दिवस त्या सगळ्या गच्चीवर वाळत घालायच्या. त्या दिवशी एसटीतले प्रवासी ते घर बघून लॉज समजत असणार. घरात माणसं दोन आणि गाद्यांची उतरंड छतापर्यंत. एवढ्या गाद्या कुणासाठी, असं विचारलं की वन्सं म्हणत, “वेळ काय सांगून येती व्हय?”

खरं तर घर पूर्वी भरलेलं होतं. मुलगा पुण्याला गेला, मुलीचं लग्न झालं. त्या लग्नाची हकिगत सांगण्यासारखी आहे. पाहुणे जतकडचे. पोहे झाले, चहा झाला, आता मुलीला चार प्रश्न विचारायचे, तेवढ्यात वन्सं उठल्या आणि म्हणाल्या, “आता सगळी जरा परसात चला. भूकंप झाला तर कुठनं बाहीर पडायचं ते दावून ठिवते.” भाचीनं पदरात तोंड लपवलं. ह्यांनी छताकडं पाहिलं. पाहुणे बिचारे मुकाट्यानं ओळीनं निघाले. जाताना मुलाचे वडील जिन्याखाली थबकले. एका पिंपाचं झाकण उचलून त्यांनी आत पाहिलं, मग दुसऱ्याचं उचललं.

“हे समदं प्यायचं पानी?” त्यांनी विचारलं.

“व्हय. चार दिसांनी बदलते. जुनं झाडास्नी घालते, वाया न्हाई घालवत,” वन्सं म्हणाल्या.

“आमच्याकडं टँकरची वाट बघावी लागती,” ते म्हणाले आणि झाकण अगदी हळू, देवाच्या डब्याचं लावावं तसं लावलं. “आमाला पोरगी पसंत हाय. ह्या घरची पोरगी पान्याला जपंल.” भाचीला स्वयंपाक येतो का, हे कुणी विचारलंच नाही. परसात जायचंही राहून गेलं, त्याची हुरहूर मात्र वन्संना लग्नाच्या मांडवातही होती.

आम्हा दोघांवर त्यांचा विशेष लोभ, कारण आम्ही नदीच्या जवळ. भाऊबीजेला त्याच सांगलीला यायच्या आणि ह्यांनी ओवाळणी घातली की उलटी भेट द्यायच्या. एका वर्षी विजेरी, एका वर्षी दोर, एका वर्षी दोघांना दोन शिट्ट्या. शिट्टी गळ्यात घालून दाखवा म्हणाल्या. हळदीच्या पेढीवर उभा जन्म हिशेब लिहिलेला माझा नवरा, डोक्याला टक्कल, कपाळाला कुंकू, गळ्यात शिट्टी, पाटावर बसून हळूच फुंकतोय. “जोरात,” वन्सं म्हणाल्या, “बुडताना असं फुकशील व्हय?” पुढच्या वर्षी उन्हावर चालणारा चार्जर आला. आणि दर वेळी निघताना एकच बोलणं: “पानी वाढाय लागलं की बघत बसू नका. सरळ उंब्रजला या. तुमची खोली तयार हाय.” आम्ही हो म्हणायचो. हो म्हणणं सगळ्यात कमी दमवणारं होतं.

आणि मग तो पूर आला. दोन दिवस वन्संचा दर तासाला फोन, “निघा.” ह्यांचं उत्तर सांगलीत जन्मलेल्या प्रत्येक माणसाचं असतं तेच, “आपल्या गल्लीत पाणी येत नाही.” तिसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत पाणी आलं. दुपारी ते आमच्या पायरीवर होतं. शेजाऱ्यांच्या जीपमध्ये आम्ही दोन पिशव्या घेऊन बसलो आणि ह्यांनी फोन केला, “आक्का, निघालो. येतोय.” तेवढं बोलून फोन बंद पडला. पुलापलीकडच्या रस्त्यावर पाणी आलं होतं. पोलिसांनी परत फिरवलं. कुणी म्हणालं, मिरजेला जा. मिरजेत एका शाळेच्या वर्गात आम्ही सतरंजीवर बसलो, फळ्यावर कुणाचं तरी अर्धं गणित तसंच राहिलेलं. चार्जर बरोबर होता, ऊन मात्र नव्हतं. कुणाच्याच फोनला रेंज नव्हती. वन्संना कळवायचं राहिलं. आधी मला काळजी वाटली, मग इतका थकवा आला की काळजीही वाटेना.

तिकडं उंब्रजला काय झालं ते नंतर अण्णांनी सांगितलं. ‘निघालो’ ऐकल्यावर वन्संनी पिठलं टाकलं, भाकऱ्या थापल्या, खोलीत चादरी घातल्या. संध्याकाळ झाली, आम्ही आलो नाही. दुसऱ्या दिवशीही आलो नाही. बातमीत आमची गल्ली दाखवली, नुसती छपरं दिसत होती. वन्संनी छत्री घेतली आणि त्या रस्त्यावर गेल्या. कोल्हापूरच्या अंगाला हमरस्ता बंद झाला होता आणि मालट्रकांची रांग कराड ओलांडून उंब्रजच्या पुढंपर्यंत आली होती. त्या रांगेच्या कडेनं चालत वन्सं प्रत्येक जीप, प्रत्येक मोटार वाकून बघत होत्या. आमची जीप त्यात नव्हती. पण ट्रकवाले होते, भिजलेले, बिस्किटांवर दिवस काढणारे. “दोन तास गेली,” अण्णा म्हणाले, “आन् आली तर मागं सात-आठ बाप्ये. मला म्हनली, पानी तापवा.”

पुढचे काही दिवस त्या घरात ती सगळी तयारी अखेर कामाला आली. पिंपं रिकामी झाली, चूल पेटली, गाद्या जमिनीवर पसरल्या. एरंडेल लावलेली डाळ हुबळीकडच्या, गुजरातकडच्या माणसांनी चाटूनपुसून खाल्ली. मिरजेत एका बाईच्या फोनला रेंज आली तेव्हा तिच्याकडून फोन मागून ह्यांनी उंब्रजला लावला. वन्सं रडतील, चिडतील, असं वाटून ह्यांनी फोन माझ्याकडं दिला. पलीकडं भांड्यांचा आवाज होता.

“वन्सं, आम्ही मिरजेला आहोत. सुखरूप आहोत,” मी म्हटलं.

भांड्यांचा आवाज थांबला. मग त्या म्हणाल्या, “जेवलासा का?”

“जेवलो.”

“बरं. ठिवते. तव्यावर भाकर हाय.”

पाणी उतरल्यावर आम्ही घरी आलो. घर म्हणजे चिखल. गल्लीतल्या गोदामातली हळद भिजून सगळीकडं एक उग्र, आंबूस वास भरलेला. गाद्या कापूस बाहेर टाकून पडल्या होत्या. मी दारात उभी राहिले आणि मला आत जावंसं वाटेना. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी एक भला मोठा ट्रक येऊन अडकला. केबिनमधून वन्सं उतरल्या. साडी खोचलेली, हातात खराटा. त्यांच्याकडं राहिलेल्या हुबळीकडच्या एका ड्रायव्हरनं वाट वाकडी करून त्यांना आणलं होतं आणि मागं उंब्रजच्या गाद्या लादल्या होत्या. तोही ह्यांच्यासारखंच त्यांना आक्का म्हणत होता. त्यानं आणि ह्यांनी गाद्या आत आणल्या. वन्संनी कुणाला काही न विचारता चिखल ओढायला सुरुवात केली.

दुपारी आम्ही ओल्या भिंतीला टेकून बसलो. ह्यांनी विचारलं, “आक्का, रागावलीस?”

वन्सं खराट्याच्या काड्या सरळ करत होत्या. “दर वर्साला बोलावते,” त्या म्हणाल्या. “दिवाळीला या, सुट्टीला या. येत न्हाईसा. तुमाला कामं असत्यात. म्हटलं, पुरानं तरी याल.”

वन्सं उठल्या आणि पुन्हा खराटा मारायला लागल्या. काही दिवसांनी अण्णांनी आणखी एक गोष्ट सांगितली. घरात एवढे ट्रकवाले, व्हरांड्यातही माणसं झोपलेली, पण आमची खोली वन्संनी उघडली नव्हती. कुणी विचारलं तर सांगायच्या, “ती भरलीय. भाऊ यायचाय.”

त्यालाही आता बरीच वर्षं झाली. अण्णा गेले. आम्ही सांगलीतच, नदीपासून लांब विश्रामबागेत, तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं, जिथं नदी यायची म्हटली तर तिला लिफ्ट लागेल. वन्संना सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “चांगलं झालं.” त्यानंतर फोन कमी होत गेले. विचारायला काही उरलंच नव्हतं. दुपारी मला आता सलग झोप लागते आणि उठल्यावर उगाच जड वाटतं.

गेल्या माघात मी एकटीच एसटीनं उंब्रजला गेले. कळवलं नव्हतं. दार उघडून वन्सं माझ्याकडं बघत राहिल्या.

“कोन गेलं?” त्यांनी विचारलं.

“कुणी नाही हो. सहज आले.”

त्यांचा विश्वास बसला नाही. मी पाय धुतले, बसले, तरी त्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या, मी बातमी कशी सांगावी ह्या विचारात असेन अशा समजुतीनं. “त्याची तब्येत बरी हाय नव्हं?” “बरी आहे.” “पोरांचं?” “सगळं बरं आहे.” हळूहळू त्यांच्या लक्षात आलं की खरंच काही झालेलं नाही. मग त्या गडबडल्या. एकट्या असल्यानं त्या कोराच चहा पीत होत्या, घरात दूध नव्हतं. मी म्हटलं, मला कोरा चालेल. त्यांनी ऐकलं नाही. कपाटाच्या तळातून दुधाच्या भुकटीचा डबा काढला, सीलबंद.

“राहू द्या, वन्सं. वेळेला लागेल,” मी म्हटलं.

“आता ही वेळच हाय की,” त्या म्हणाल्या आणि चमच्याच्या दांड्यानं झाकण उचकटायला लागल्या. डबा निसटत होता, म्हणून तो मी धरला. त्यावरची तारीख कधीच उलटून गेली होती. पूर्वी त्यांच्या घरात असं होत नसे. आता त्यांना बारीक अक्षर दिसत नाही आणि संपवायला कुणी नाही. भुकटीच्या गाठी फोडून त्यांनी चहा केला, दोघींनी घेतला. जरा खवट लागत होता. वन्संनी विचारलं, “अजून घेनार?” आणि मी कप पुढं केला.