पाच हजार सहाशे बारा

प्रयोगशाळेत तिला सगळे पुन्हाताई म्हणत. आकडा साहेबांचा असो की यंत्राचा, तिच्या तोंडून पहिलं वाक्य निघायचं, "पुन्हा मोजू." नोकरीला लागली तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. आता केस पांढरे झाले, पण आकड्यांवरचा अविश्वास काही पिकला नव्हता.

तिचं काम होतं, ओतीव लोखंडातून आवाज किती वेगानं धावतो ते मोजायचं. तुकड्याला जेल लावून प्रोब टेकवायचा आणि कानाला ऐकू न येणारा आवाज आत सोडायचा. तो पलीकडे आपटून परत यायला सेकंदाचा लाखावा हिस्सा लागे. जाडी माहीत, वेळ स्क्रीनवर. भागाकार केला की वेग निघाला. लोखंडात ग्रॅफाइट गोळ्यांसारखं बसलं असेल, तर आवाज सेकंदाला साडेपाच हजार मीटरच्या वर जातो. पाकळ्यांसारखं पसरलं असेल, तर अडखळतो. आणि तसलं लोखंड आधी वाकून इशारा देत नाही, एकदम तुटतं. हे तुकडे तर बसच्या स्टिअरिंगचे होते. ते न तोडता, नुसत्या वेगावरून पारखता येतात का, यावर साहेबांचं वर्षभर संशोधन चाललं होतं.

कारखान्यातून दर महिन्याला नव्या मालातला एक नमुना यायचा आणि मोजून परत जायचा. पहिल्या महिन्यात वेग आला पाच हजार सहाशे बारा. दुसऱ्या महिन्यात सहाशे दहा. तिसऱ्या महिन्यात पुन्हा बारा. साहेब खूश झाले. तिच्या मनात मात्र पाल चुकचुकली. एकाच भट्टीतले, एकाच दिवशीचे दोन तुकडेसुद्धा वीस-पंचवीसनं मागेपुढे होतात, हे तिनं तीस वर्षं पाहिलं होतं.

तिनं साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, वाईट आलं की तुम्हाला संशय, चांगलं आलं तरी संशय. त्यांचा शोधनिबंध अर्धा लिहून झाला होता.

मग तिनं कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. नमुना परत जाण्याआधी त्याच्या बोल्टच्या भोकात, आतल्या बाजूला, पंचनं तीन बारीक ठिपके मारले. पुढच्या महिन्यात नवा नमुना आला. नवा नंबर, ताजा रंग. तिनं दार लोटून घेतलं आणि भोकातला रंग नखानं खरवडला. एक, दोन, तीन.

सोबतच्या कागदावर 'नमुना मी निवडला' या ओळीखाली सही होती तिच्या धाकट्या दिराची.

दीर त्याच घरात, वरच्या मजल्यावर राहायचा. कारखान्यात तपासनीस होता. आता तिला त्याचं सगळंच वेगळं दिसायला लागलं. जेवताना तो सहज विचारायचा, आमचा नमुना कसा आला? हे सहज होतं का? त्या दिवशी तो मान खाली घालून जेवला, ते थकव्यामुळे की आणखी कशामुळे? तिनं नवऱ्याच्या कानावर घातलं. तो म्हणाला, आपलेच दात, आपलेच ओठ. जरा कानाडोळा कर. त्या आठवड्यात ती नवऱ्याकडेही संशयानं पाहू लागली.

रविवारी ती वर गेली. दीर इस्त्री करत होता.

"भाऊजी, नमुना कोण निवडतं?"

"मीच. का हो वहिनी?"

"तुमच्या हातानं?"

इस्त्री शर्टावर थांबली. त्यानं ती उचलून बाजूला ठेवली.

"सही माझी असते," तो म्हणाला.

"मग उद्या एक तुकडा तुमच्या हातानं उचलून आणा. गोदामातला. रंग न लावलेला."

त्यानं शर्टाची घडी घातली. सोमवारी दुपारी तो प्रयोगशाळेच्या दारात उभा होता, काखेत टॉवेलात गुंडाळलेला तुकडा. तिनं तीनदा मोजला. पाच हजार साठ. साहेबांनी चौथ्यांदा मोजला आणि निबंधाचे कागद खणात टाकले.

मग व्हायचं ते झालं. ठिपक्यांचा नमुना आणि तो तुकडा वर चौकशीला गेले. बसवाल्यांना कळवलं गेलं आणि चार महिन्यांचा माल परत मागवला. कारखान्याच्या व्यवस्थापकानं सगळं खापर दिरावर फोडलं. दीर म्हणाला, नमुना वरून डब्यात बंद होऊन यायचा, मी नुसती सही करत होतो. कोण खरं, ते कागदांवरून काही उलगडलं नाही. दोघांचीही नोकरी गेली.

परत आलेला एकेक तुकडा मोजायचा होता. एकूण तीनशे चाळीस. उचलायला माणूस हवा होता, आणि दीर आपणहून आला. दहा दिवस तो तुकडे टेबलावर ठेवत होता, ती मोजत होती. एक्क्याऐंशी खराब निघाले. त्यातला एकही रस्त्यावर तुटलेला नव्हता.

सातव्या दिवशी त्यानं विचारलं, "वहिनी, अजून संशय आहे माझ्यावर?"

तिनं स्क्रीनवरचा आकडा वहीत उतरवला.

"आहे," ती म्हणाली. "पुढचा ठेवा."

त्यानं ठेवला.