दाखल्यावरची सही

"समास सोड गड्या. कोर्टाला बी जागा लागती." असं म्हणत आबा कागदाच्या डाव्या कडेला चार बोटं ठेवत आणि नखानं घडी घालत. साताऱ्याच्या कोर्टात तुम्ही कधी गेला असाल, तर असा एखादा वकिलाचा कारकून तुम्हीही पाहिला असेल. वकिलापेक्षा कायदा जास्त जाणणारा आणि वकिलाच्या मागं दोन पावलं चालणारा.

मी एल्एल.बी. होऊन त्यांच्या वकीलसाहेबांकडे उमेदवारीला लागलो, तेव्हा दुसरं महायुद्ध चालू होतं. बाररूममध्ये खुर्च्या कमी आणि वकील फार. माझ्याबरोबरचे दोघे कंटाळून रेशनिंगच्या कचेरीत चिकटले. तिथला अर्ज मीही आणला होता. आबांनी तो वाचून परत दिला. "वाईच दम धर की. साखर वाटायला शिकलास व्हय कायदा?"

आबा कोरेगावकडचे, शिक्षण मॅट्रिक. पदवी नसली तरी तेव्हा वकिलीच्या सनदेसाठी जिल्हा वकिलीची परीक्षा देता येई. आबांनी ती दोनदा दिली होती आणि दोनदा नापास झाले होते. एकदा मी विचारलं, पेपरात लिहिलं तरी काय? प्रश्न होता, शेतजमिनीचा ताबा देण्याच्या हुकुमाची अंमलबजावणी कशी करावी. आबांनी लिहिलं होतं : बेलिफाला सुगी उरकल्यावर न्यावं, उभ्या पिकात नेल्यास कुऱ्हाडी निघतात.

"खोटं हाय का?" त्यांनी मलाच विचारलं.

खोटं नव्हतंच. पण मी हसलो, आणि मग हसल्याचं वाईट वाटलं.

कुणी म्हणे, सांगली संस्थानाची सनद निराळी असते, तिकडं बघा. आबा दमल्यासारखे म्हणत, "ती हद्दीपल्याड चालत न्हाई. मला ह्याच कोर्टात उभं ऱ्हायचंय."

अशात कुणकुण आली की ही परीक्षा आता शेवटची, यापुढं पदवीशिवाय सनद नाही. मग वर्षभर रोज सकाळी मी त्यांना पुस्तकातली उत्तरं घोकायला लावली. "बेलीफ विसरा आबा, कलम लिहा," असा माझा धोशा. पन्नाशीला आलेला माणूस डोळे मिटून कलमं म्हणे आणि शेवटी हळूच विचारी, "पर सुगीचं काय?"

परीक्षेच्या अर्जाला वकिलाचा वर्तणुकीचा दाखला लागे. आधी दोनदा साहेबांनी हसतहसत सही केली होती. या खेपेला ते हसले नाहीत. आबा आता पास होणार हे त्यांनाही कळलं होतं, आणि आबा वकील होऊन गेले तर साहेबांच्या कचेरीला वाली उरला नसता. "ठेवा तिथं, बघतो," एवढंच रोज म्हणायचे.

माझ्या सनदेच्या अर्जालाही त्यांचाच दाखला हवा होता. परीक्षेच्या अर्जाची मुदत संपायच्या आदल्या दिवशी आबांनी दोन्ही कागद टेबलावर ठेवले, माझा वर. साहेबांनी माझ्या कागदावर सही केली, टाक पुसून ठेवला आणि उठून गेले.

जिन्यात मी म्हणालो, "आबा, उद्या सकाळी मी विचारतो त्यांना."

"नगं. ते बिथरलं तर तुझा दाखला बी माघारी घेतील. तुझी सनद येऊ दे आधी."

खरं सांगायचं तर, ते ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटकेची लाज मला अजून वाटते. दुसऱ्या दिवशी मी विचारलं नाही. मुदत टळली आणि कुणकुणही खरी ठरली, ती परीक्षा शेवटचीच निघाली.

दोन महिन्यांनी माझी सनद आली. पाटणच्या एका पक्षकाराचं पहिलं काम मला मिळालं, तेही आबांनीच आणलेलं. त्या दिवशी दप्तर घेऊन ते माझ्याबरोबर आले. वकिलांच्या कठड्यापाशी ते थांबले. कारकुनाला आत उभं राहता येत नसे. त्यांनी दप्तर माझ्या हातात दिलं, माझ्या कोटाची कॉलर नीट केली आणि म्हणाले, "जावा साहेब, आत."