पेल्याचं बूड

सोपानमामा कुणाच्याही घरी गेले की आधी पाणी मागत. तहान असो वा नसो. पाणी पिऊन झालं की पेला हळूच उलटा करून त्याचं बूड निरखत आणि मगच बैठकीवर टेकत. "वरून समदेच घासतात, अश्विने. घर कळतं ते बुडावरून," असं मला सांगायचे. मामा गल्लीत दिसले की आमच्या कनेरगाव नाक्यावरच्या बायका राख घेऊन पेल्यांवर तुटून पडत. त्यात माझी आई सगळ्यात पुढे.

ते माझे सख्खे मामा नव्हेत. शेजारचे, म्हणजे अख्ख्या नाक्याचे मामा. लग्नं जुळवणं हा त्यांचा उद्योग. पांढरा सदरा, धोतर, टोपी आणि काखेत बियाण्याच्या कंपनीची पिशवी. तिच्यात पोरापोरींचे बायोडाटे कोंबलेले. साखऱ्याचं कुठलं पोरगं तापट आणि हिंगोलीतली कुठली सासू गोड बोलून कामाला लावते, हे त्यांना तोंडपाठ. स्थळाची चौकशी करताना ते घरच्यांना काहीच विचारत नसत. "घरचे कशाला खरं सांगतील? भांडेवालीला इचारावं." या एका वाक्यावर त्यांनी निम्म्या तालुक्याचे संसार उभे केले होते.

मी बीएस्सी झाले आणि वारंगा फाट्याजवळच्या एका हळदीच्या कारखान्यात प्रयोगशाळेच्या जागेसाठी मुलाखत देऊन आले. त्याआधी तीन ठिकाणी नकार पचवला होता. इथून मात्र फोन आला, पुढच्या बुधवारी दुसऱ्या मुलाखतीला या. बाबांनी त्याच दिवशी निकाल लावून टाकला. "लागली नोकरी तर दोन वर्षं लग्नाचं नाव काढणार न्हाई. न्हाई लागली तर मामानं आणलेलं वाशिमचं स्थळ बघायचं." त्या स्थळाचा फोटो मी पाहिला होता. मुलगा मोटारसायकलवर बसून कुठेतरी लांब बघत होता. बघू दे बापडा, मला प्रयोगशाळेत जायचं होतं.

आणि माझी तयारी करून घ्यायला आलं कोण? तर सोपानमामा! पिशवीत वाशिमचं स्थळ घेऊन.

"दुसऱ्यांदा बोलावलं? मंग निम्मी पसंती झाली," ते ओट्यावर मांडी ठोकत म्हणाले. "पयल्या खेपेला पोरगी बघतात, दुसऱ्या खेपेला खोट बघतात. आन् आपण बी त्यांची बघायची."

"मामा, मला नोकरी लागली तर तुमचं स्थळ हातचं जाईल की."

"स्थळाचं काय, एक गेलं का दुसरं येतं. तू हे सांग, शेवटी काय म्हणले ते?"

"म्हणाले, तुम्हाला काही विचारायचंय का. मी म्हटलं, नाही सर."

मामांनी कपाळावर हात मारून घेतला. "हात तुझ्या! आपली लेक त्यांच्या घरात द्यायची आन् इचारायचं काईच न्हाई? त्यांना वाटलं आसंल, एक तर पोरगी मुकी हाय, न्हाई तर लई गरजू हाय."

मग आठवडाभर आमच्या ओट्यावर जे चाललं ते सांगायची लाज वाटते. मामा आणि आई पाटावर बसायचे आणि मी दारातून यायचं. माझे हात थरथरतात हे मामांनी पहिल्याच दिवशी हेरलं. उपाय त्यांच्या धंद्यातला. माझ्या फायलीवर चहाचे दोन भरलेले कप ठेवायचे आणि फाईल दोन्ही हातांत आडवी धरून चालायचं. "कप वाजला न्हाई पायजे. हाताला काम आसलं का हात थरथरत न्हाई." प्रश्नही तसलेच. पोहे कोणी केले? भाऊ किती? मी ओरडले, "मामा, ते मला हळदीबद्दल विचारणार!" तर म्हणाले, "मंग हळदीपस्तोर येऊन तर राहिलो की आपण!" आई पदर तोंडात धरून हसत होती. दोन कप फुटले, फाईल चिकट झाली, पण चौथ्या दिवशी माझे हात खरंच थांबले.

बुधवारी सकाळी पाहते तर मामा नवीन टोपी घालून एसटीच्या थांब्यावर माझ्याआधी हजर. मी हात जोडले. "मामा, नका ना. मुलाखतीला कोणी माणसं घेऊन जात नाही."

"बघायच्या कार्यक्रमाला कोणी एकटं जातं का?" म्हणाले आणि खिडकीजवळ बसलेसुद्धा. हिंगोलीला बस बदलली तेव्हाही मी त्यांना परत पाठवायचा प्रयत्न केला. त्यांनी मला शेंगदाणे दिले.

कारखान्यात शिरल्या शिरल्या त्यांनी पाणी मागितलं. शिपायानं कागदी पेला दिला. मामा अर्धं पाणी प्यायले आणि सवयीनं त्यांनी पेला उलटा केला. उरलेलं पाणी धोतरावर. "ह्या घराचा अंदाजच येऊन न्हाई राहिला," असं पुटपुटत ते उठले आणि चौकशीला निघाले. आधी फाटकावरच्या वॉचमनकडे, मग झाडणाऱ्या मावशींकडे. मला जमीन दुभंगावी असं झालं. माझं नाव पुकारायच्या जरा आधी ते परत आले आणि कानात म्हणाले, "पगार टायमावर होतो. साहेब बोलायला खरखरीत पण मनानं बराबर हाय. एकच खोट. बायकांच्या संडासाला आतून कडी न्हाई. इचार."

"मामा! असलं विचारतात का?"

"घराचं बूड म्हणतात ते हेच," मामा म्हणाले.

आत तिघं होते. मोठे साहेब, खरेदीचे व्यवस्थापक आणि हिशेब विभागाच्या एक मॅडम. मी फाईल दोन्ही हातांत आडवी धरून अशी काही गेले की व्यवस्थापकांनी नकळत कप उचलायला हात पुढे केला. हळदीत भेसळीचा रंग कसा ओळखाल, असं साहेबांनी विचारलं. मी सांगितलं, आम्ल टाकल्यावर गुलाबी रंग येतो, मग पाणी घालायचं, रंग फिका पडला नाही तर भेसळीचा संशय. हात स्थिर, आवाज स्थिर. सगळं छान चाललं होतं हो!

मग साहेब म्हणाले, "तुम्हाला काही विचारायचंय?"

मोबाइलवर बघून पाठ केलेला प्रश्न होता माझ्याकडे, प्रगतीच्या संधींबद्दलचा. तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते असं: "सर, बायकांच्या संडासाला आतून कडी का नाही?"

साहेबांनी व्यवस्थापकांकडे पाहिलं. व्यवस्थापकांनी पंख्याकडे पाहिलं. मॅडमनी मात्र टेबलावर थाप मारली. "दीड वर्ष झालं, हेच सांगून राहिले मी!"

"तुम्हाला कसं कळलं?" साहेबांनी मला विचारलं.

आता खोटं काय बोलणार? "बाहेर आमचे मामा बसलेत," मी म्हटलं. साहेबांनी काचेतून पाहिलं. मामा वॉचमनला पिशवीतला एक बायोडाटा दाखवत होते.

फाट्यावर मामांनी दोन खिचड्या मागवल्या. मला घास जाईना. मी रडत, ओरडत होते, "गेलं सगळं! एका कडीपायी गेलं! आता बघा तुमचं ते मोटारसायकलवालं. कशाला आलात तुम्ही माझ्यासोबत?"

मामांनी आपल्या खिचडीवर लिंबू पिळलं. मग म्हणाले, "मला बी बोलावलं होतं दुसऱ्यांदा. हिंगोलीला, कारकुनाच्या जागेला. लगीन बी न्हवतं झालं तव्हा. घरात शिकलेलं कोणी न्हवतं. दुसऱ्यांदा काहून बोलावलं ते कोणालाच कळंना. मला वाटलं, पयल्या खेपेला काई तरी चुकलं आसंल, आता रागवायला बोलावून राहिले."

"मग?"

"स्टँडापस्तोर गेलो. दोन गाड्या सोडल्या आन् वापस आलो."

"का हो मामा?"

"सोबत कोणी न्हवतं, बाई," ते म्हणाले आणि माझ्या ताटलीत आपल्यातली मिरची टाकली. मी सगळी खिचडी खाल्ली. ती चांगली होती.

शनिवारी फोन आला, सोमवारपासून या. पहिल्या दिवशी मॅडम मला हाताला धरून आधी संडासच दाखवायला घेऊन गेल्या. दाराला आतून नवीकोरी पितळी कडी होती. घरी येऊन सांगितलं तर मामा म्हणाले, "चांगलं घर हाय. ऱ्हा आता." वाशिमच्या मुलाचं त्यांनी महिन्याभरात दुसरीकडे जमवलं. वॉचमनच्या मुलीचंही.

मामा गेल्या उन्हाळ्यात गेले. मातीला एवढी जोडपी आली होती की ओळखीपाळखीतच सगळ्यांचा वेळ गेला. मी एका कोपऱ्यात उभी राहून खूप रडले.

आता प्रयोगशाळेत माणसं निवडायला मीच बसते. दुसऱ्या मुलाखतीचा फोनही मीच करते आणि शेवटी सांगते, रागवायला बोलावलेलं नाही, आणि सोबत कोणाला आणायचं असेल तर खुशाल आणा. माझे सहकारी हसतात. हसू देत. बाहेरच्या बाकाजवळ मी कागदी पेले काढून स्टीलचे ठेवलेत. मुलाखतीच्या दिवशी सकाळी लवकर जाते आणि त्यांची बुडं स्वतः घासते.