आई कुठे राहते, एवढंच विचारा

कडोदऱ्याहून फोन आला तेव्हा दवाखान्यात गर्दी होती आणि प्रिंटर अडून बसला होता. प्रिंटर अडला की भास्करभाऊंची वाट बघायची, ही आमची पद्धत. सकाळीच त्यांचा निरोप होता, कडोदऱ्याच्या एका कारखान्यात हिशेबाचा प्रोग्रॅम बसवतो आणि जेवायच्या वेळेला सुरतेत, गोडादऱ्याच्या आपल्या दवाखान्यात येतो. नोंदणीच्या टेबलावरच्या सुमनबाईंनी फोन ठेवला, पदर तोंडाशी नेला आणि म्हणाल्या, "भास्करभाऊ जिन्यातच कोसळले. दवाखान्यात नेईपर्यंत खेळ आटोपला." माझ्या तोंडून निघालं, "असं कसं? आज तर यायचे होते ते!" मला पहिल्यांदा आला तो रागच. त्या दिवसाला आता काही आठवडे झाले. लोक म्हणतात, राग ओसरतो आणि दुःख उरतं. माझा अजून ओसरलेला नाही. या माणसाला जरा बसा, पाणी प्या, छातीचा ईसीजी काढून घ्या, असं मी डॉक्टर असून किती वेळा सांगितलं असेल... "नंतर, ताई, नंतर," म्हणायचे आणि स्कूटरला किक मारायचे.

भास्कर सोनवणे शिंदखेड्याकडचे. वडील लूमवर कामाला म्हणून लहानपणीच सुरतेत आले, शिकले आणि कापड मार्केटच्या व्यापाऱ्यांना कॉम्प्युटरवर बिलं नि हिशेब मांडून देऊ लागले. धंदा बरा चालला होता. तो आणखी चांगला चालला असता, पण एका जागी बूड टेकवणं त्यांच्या कुंडलीत नव्हतं. चहासुद्धा उभ्यानं प्यायचे. आमची पहिली भेट म्हणजे निव्वळ भांडण. आमचा दवाखाना एका धर्मादाय ट्रस्टचा; लूमवरची माणसं, त्यांच्या बायका, पोरं, हे आमचे पेशंट. ट्रस्टनं एका कंपनीचा प्रोग्रॅम विकत घेतला होता आणि त्यात क्षयाच्या पेशंटांची नोंद व्हायची. एक दिवस हा माणूस केबिनमध्ये घुसला आणि टेबलावर हात आपटून म्हणाला, "रतन पाटील. तुमच्या मशीनवर त्याच्या नावापुढे काय लिहिलंय ते मला वाचून दाखवा." मी बघितलं. लिहिलं होतं, 'उपचार सोडले'.

रतन म्हणजे भास्करभाऊंचा मेहुणा, मंगलावहिनींचा धाकटा भाऊ. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुरतेतला सगळा खानदेश गावी जातो, तसा तोही गेला. खोकला कमी झाला होता, अंगावर मांस चढलं होतं. गावी लग्नं निघाली, मुक्काम लांबला आणि गोळ्या संपल्या. परत आला तो रक्त ओकतच, आणि त्यातून उठला नाही. त्यानं उपचार सोडले नव्हते, तो फक्त गावी गेला होता. पण आमच्या प्रोग्रॅमला गाव ठाऊक नव्हतं. ठरलेल्या दिवशी आला नाही की सोडले, विषय संपला. रतनची आई दहाव्याला भास्करभाऊंना म्हणाली होती, "मना घरपासून दवाखाना हाकेवर शे. त्याना गोया मी आणी देतू. पन माले कोनी इचारंच नई." हे वाक्य त्यांनी मला तस्संच्या तस्सं ऐकवलं. मीही चिडले होते. म्हटलं, मी डॉक्टर आहे, ज्योतिषी नाही. कोण कधी गावी जाणार ते मला काय स्वप्नात दिसतं? पण ते निघून गेल्यावर मी कंपनीला फोन लावला. म्हटलं, गावचा पत्ता टाकायला एक जागा द्या. ते म्हणाले, पुढच्या आवृत्तीत बघू. बरं, आमचा आम्ही बदल करून घेऊ का? तर म्हणे, तसं करता येत नाही, आतलं काही उघडत नाही, आणि उघडणं बेकायदेशीर. पैसे मोजून घेतलेली वस्तू, आणि तिचं झाकण काढायची आम्हाला चोरी!

ते पुन्हा आले ते स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम घेऊन. साधाच होता. काळा पडदा, इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी. पेशंट गावी कधी आणि कुठे जाणार ते विचारायचं. मग प्रोग्रॅम तिथला जवळचा सरकारी दवाखाना शोधून त्याच्या नावची चिठ्ठी छापणार आणि किती गोळ्या बरोबर द्यायच्या ते सांगणार. मी खूश झाले. होळी गेली, आखाजी तोंडावर आली. पडद्यावर बघते तर काय, एकाही पेशंटला कुठेही जायचं नाही! सगळ्यांपुढे 'नाही'. शेजारचा अख्खा लिंबायत भाग रिकामा होतो त्या दिवसांत आणि आमचेच पेशंट तेवढे सुरतप्रेमी? भास्करभाऊंनी प्रोग्रॅम उलटापालटा करून बघितला. चूक सापडेना. मग ते नोंदणीच्या टेबलापाशी जाऊन नुसते उभे राहिले. समोर एक बाई आली. सुमनबाईंनी नाव विचारलं, वय विचारलं, खोकल्याचं विचारलं आणि त्या प्रश्नापाशी आल्यावर तिच्याकडे न बघताच 'नाही' दाबून मोकळ्या झाल्या.

"सुमनमावशी, तुम्ही विचारलंच नाही तिला?"

सुमनबाई शिरपूरकडच्या, केस पिकलेल्या, देवाधर्माच्या. त्यांनी भास्करभाऊंकडे असं बघितलं की जणू त्यांनीच काही अभद्र केलं होतं. म्हणाल्या, "निघनारा मानूसले कोठे चालना म्हनी इचारतस का? तुमनी मायनी शिकाडं नई? आजारी मानूस शे ते. त्यानी वाट मी आडवू?"

मी कपाळावर हात मारला. मी धुळ्याची, निघालेल्याला 'कुठे' विचारलं म्हणून आजीचा धपाटा मीही खाल्लेला. पण शहाण्यासुरत्या आम्हा दोघांपैकी एकालाही ते सुचलं नव्हतं. मला वाटलं आता भास्करभाऊ सुमनबाईंना विज्ञान शिकवणार. मी तर तयारीतच होते. ते हसायला लागले. मग भिंतीला टेकून उभे राहिले... आणि म्हणाले, "बरोबर आहे मावशींचं. प्रश्नच वाईट आहे. मावशी, कुठे जाणार ते विचारू नका. आई कुठे राहते, एवढंच विचारा. ते विचारायला काही हरकत?" सुमनबाई म्हणाल्या, "त्याले काय हरकत? मायनं नाव तर चांगलंच." त्याच बैठकीत (बैठक आमची, ते उभेच) त्यांनी कीबोर्ड ओढला आणि प्रश्न बदलला; आईचं गाव सुरतेबाहेरचं निघालं की चिठ्ठी आणि जास्तीच्या गोळ्या आपोआप. दुसऱ्या दिवसापासून पडदा गावांच्या नावांनी भरू लागला. आई कुठे राहते विचारल्यावर माणूस नुसतं गाव सांगत नाही. घर सांगतो, गल्ली सांगतो, आईचे गुडघे दुखतात तेही सांगतो. त्या आखाजीला आमच्या चिठ्ठ्या गावोगाव गेल्या आणि पेशंट परत आले. सगळे नाही, पण बहुतेक आले. मंगलावहिनी एकदा दवाखान्यात येऊन तो पडदा बघून गेल्या.

मग ट्रस्टच्या अध्यक्षांना वाटलं, हे विकावं. गरीब देशांत किती दवाखाने आहेत, सगळ्यांना हवंच असणार! भास्करभाऊंनी साफ नाही म्हटलं. त्यांनी कुठल्याशा परदेशी मासिकात वाचलं होतं की काही लोक प्रोग्रॅम लिहितात आणि आतल्या सगळ्या मजकुरासकट मोकळा सोडून देतात. कोणीही वापरावा, कोणीही बदलावा, पुढे द्यावा. एवढंच वाचून हा माणूस पेटला होता. अध्यक्षांना म्हणाले, "शेठ, शेजारीण विरजण मागायला आली तर तिच्याकडून कोणी पैसे घेतं का? चमचाभर दिल्यानं आपलं दही कमी होतं का? आणि तिचं दही तिच्या दुधाचं लागणार, ते मी इथून कसं लावून देऊ?" अध्यक्ष गुजराती होते, दह्याचं त्यांना पटलं, धंद्याचं पटलं नाही. पण प्रोग्रॅम भास्करभाऊंचा होता, तेव्हा बोलणंच खुंटलं. त्यानंतर ते स्कूटरच्या डिकीत फ्लॉप्या घेऊन फिरायला लागले. व्यापाऱ्यांची कामं राहून जायची, गिऱ्हाईकं तुटायची, मंगलावहिनी माझ्याकडे येऊन तक्रार करायच्या. मी भास्करभाऊंना बोलले तर ते म्हणायचे, "ताई, एकट्या माझ्या हातात राहिलं तर हे माझ्याबरोबर मरेल. तुम्ही शिका." मला बळेबळे कॉम्प्युटरसमोर बसवायचे, कुठली ओळ काय करते ते दाखवायचे. मी चहाचं निमित्त करून उठायचे. तुम्ही आहात की, असं मी म्हणायचे. आहात की!

ते गेल्यावर अध्यक्षांनी नवा विकतचा प्रोग्रॅम सुचवला. मी इतकी तडकले की त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. आम्हाला ओळखणाऱ्या एका कॉलेजच्या प्राध्यापकांनी, जरा दुरुस्त्या करून देऊ का, असं विचारलं, तर त्यांनाही मी वाटेला लावलं. भास्करभाऊंनी लिहिलं तसंच राहील, एक अक्षर हलणार नाही. देवघरातल्या मूर्तीसारखं मी ते जपत होते. सुमनबाईही पडद्याला हात लावण्याआधी पदरानं पुसून घ्यायच्या.

आणि गेल्या पंधरवड्यात संगीता आली. विशीतली पोर, गोडादऱ्यातलीच, साडीला टिकल्या लावण्याचं काम करणारी. गोळ्या चालू असताना मध्येच दिसेनाशी झाली होती. आता आली ती धापा टाकत, गाल आत गेलेले. कुठे होतीस ग, म्हणून मी ओरडले. म्हणाली, "सासरले. अमळनेरले. दीरनं लगीन व्हतं." मी पडदा बघितला. आई कुठे राहते? सुरत. बरोबरच होतं. तिची आई आमच्या मागच्याच गल्लीत राहते. म्हणून प्रोग्रॅमनं चिठ्ठी काढली नव्हती आणि जास्तीच्या गोळ्याही सांगितल्या नव्हत्या. रतनच्या वेळी आया गावी असायच्या. मधल्या वर्षांत घरंच्या घरं सुरतेत आली, आया इथेच म्हाताऱ्या झाल्या आणि गाव म्हणजे कोणाचं सासर उरलं, कोणाचा काका. भास्करभाऊंचा प्रश्न जुना झाला होता, आणि मी त्याची पूजा करत बसले होते. या पोरीचा रतन झाला असता. हे मी इथे लिहून ठेवते.

पेशंट संपल्यावर मी मशीनसमोर बसले. ती ओळ सापडायला फार वेळ गेला. सापडली, पण पुसायला बोट उचलेना. सुमनबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. शेवटी पुसली. मग मी लिहिलं, 'गावी कोणाला कळवायचं?' सुमनबाईंनी वाचून कानांवर हात ठेवले. "व माय! कळावनं ते काय मरन शे का?" आणि आम्ही दोघी हसलो. तो फोन आल्यापासून पहिल्यांदाच आम्ही हसत होतो, आणि हसता हसता मी हुंदके द्यायला लागले. सुमनबाईंनी पाठीवरून हात फिरवला. मग मी ते पुसून लिहिलं, 'गावी गेलं की पहिलं जेवण कोणाकडे?' दोनदा काहीतरी चुकलं, प्रोग्रॅम सुरूच होईना, तिसऱ्यांदा झाला. दुसऱ्या दिवशी पहिला प्रश्न संगीताला. ती पटकन म्हणाली, "सासूकडे, आखो कोठे? जेवाले देस, पन तोंड वाकडं करीसन." चिठ्ठी छापून आली, अमळनेरची.

बदललेला प्रोग्रॅम फ्लॉपीवर घेऊन मी रविवारी बसनं कामरेजला गेले. तिथल्या एका लहानशा दवाखान्यात भास्करभाऊंनी आपला प्रोग्रॅम बसवून दिला होता, आणि तिथले गुजराती डॉक्टर त्यांच्या बाराव्यालाही येऊन गेले होते. त्यांनी फ्लॉपी घातली, नवा प्रश्न वाचला आणि चष्मा वर करून माझ्याकडे बघितलं.

"भास्करभाई जता पहेलां करी गया हता?" जाण्याआधी भास्करभाऊच करून गेले, असं त्यांना वाटलं.

मी म्हटलं, "ना. में कर्युं."

डॉक्टरांनी उठून आपली खुर्ची माझ्याकडे सरकवली. "तो बेन, मारे त्यां ऊसतोडवाळा आवे छे. एमनुं तो कोई एक गाम ज नथी. एमने शुं पूछवुं?" ऊसतोडीच्या माणसांना एक गावच नाही, त्यांना काय विचारायचं?

खुर्ची होती, पण मला बसवेना. मी उभ्यानंच कीबोर्ड पुढे ओढला.