तिसरी घडी

"तुला गणित कशाला पाहिजे? सरकार करीलच की पास."

गणिताचे सर हे बोलले तेव्हा मी स्टाफरूमच्या उंबऱ्याबाहेर उभा होतो. हातात वही आणि लॉगटेबल. आत सहा प्राध्यापक, चहाच्या कपबशा, वर्तमानपत्र. एक जण हसला. मग सगळे हसले. सरांनी मान वर केली नव्हती. तशीच खाली ठेवून त्यांनी शिपायाला सांगितलं, "मामू, दार लोटा."

दार लोटलं गेलं.

माझा प्रश्न असा होता. लॉगटेबलची उदाहरणं सोडवताना काही आकड्यांच्या डोक्यावर आडवी रेघ येते. ती कसली? ईट या माझ्या गावच्या शाळेत लॉगटेबल कुणी पाहिलेलं नव्हतं. ती रेघ न कळल्यामुळं माझी सगळी उत्तरं चुकत होती.

जिल्ह्याच्या गावी नव्यानं निघालेलं कॉलेज. प्री-युनिव्हर्सिटीचा वर्ग पत्र्याच्या लांबट हॉलमध्ये भरायचा. निजामाच्या वेळी तिथं लेव्हीचं, सक्तीच्या वसुलीचं धान्य साठवत. गणिताला पावणेदोनशे मुलं. आम्ही काही जण शेवटच्या बाकांवर. तिथवर सरांचा आवाज तुटत तुटत यायचा. फळ्याचा खालचा निम्मा भाग दिसत नव्हता.

एवढ्या मुलांत शंका विचारायची नाही, असा सरांचा नियम. त्यासाठी त्यांनी शंकापेटी ठेवली होती. पेटी जुन्या तहसील कचेरीतली, अर्ज टाकायची. तिच्यावरची उर्दू अक्षरं अजून वाचता येत होती. कागदाच्या वरच्या ओळीत पूर्ण नाव लिहायचं, खाली शंका. तीन घड्या घालून टाकायचं. शनिवारी सर चिठ्ठ्या काढायचे आणि ज्यांची नावं पुकारली जातील त्यांनी स्टाफरूममध्ये जायचं. तिथं सर समजावून सांगत. खुर्ची देत. कधी चहाही.

मी चार चिठ्ठ्या टाकल्या. नाव एकदाही आलं नाही. पाचव्या शनिवारी न बोलावता गेलो. त्या दिवशी दार लोटलं गेलं.

गणितात नापास झालो असतो तर सवलत बंद. सवलत बंद म्हणजे वसतिगृह बंद. मग ईट. महारवाड्यातून कॉलेजात गेलेला मी पहिला होतो. बापानं तराळकी सोडली होती, म्हणजे गावचे निरोप आणि मेलेली ढोरं वाहायचं काम. मी परत गेलो असतो तर ते काम माझी वाट बघत होतं.

शेजारी बसू बसायचा. उमरग्याच्या आडत दुकानदाराचा मुलगा. घरी कानडी, बाहेर मराठी, तोंड सदा चालू. तो म्हणाला, "काय रं, तुझ्या चिठ्ठीला पाय न्हायती का? पेटीतनं बाहीरच येईना झाली."

मी हसलो नाही.

त्याच आठवड्यात मामूंनी मला नळापाशी गाठलं. पिकलेली दाढी, निजामाच्या कचेरीत जन्म गेलेला. त्यांनी कोटाच्या खिशातून माझ्या चारही चिठ्ठ्या काढल्या.

"ले बेटा, तेरा माल. साब बोले, चाय के चूल्हे में डालो. मैं हौ बोला, डाला नै."

"वाचल्या का सरांनी?"

"निजाम के जमाने में साब लोगां अर्जी पढ़ के फेंकते थे. ये लोगां बिन पढ़े फेंकते. इत्ताच फरक."

मी चिठ्ठ्या नीट पाहिल्या. वरच्या भागाला हात लागला होता, कागद मळला होता. आतला भाग कोरा करकरीत. दोन घड्या उघडल्या की नाव दिसायचं. शंका वाचायला तिसरी उघडावी लागायची.

पण हा अंदाज होता. मला पुरावा पाहिजे होता.

वसतिगृहामागं बाभळी होत्या. डिंक काढला, पाण्यात कालवला. दोन नव्या चिठ्ठ्या लिहिल्या. दोन्हींवर माझं नाव, दोन्हींत तीच शंका. तिसऱ्या घडीत डिंकाचं बोट फिरवलं आणि वाळू दिलं. बसूला विचारून त्याच्या नावानं एक चिठ्ठी लिहिली. अक्षर माझं. शाई तीच. शब्द तेच. डिंक तेवढा नव्हता.

शनिवारी बसूचं नाव पुकारलं गेलं.

तो पाच मिनिटांत परत आला. "चहा पिलो बग. रेघ ज्या आकड्यावर असतीया तेवढाच ऋण. टिंबाच्या म्होरलं समदं धन. येवढंच हाय की! दोन मिनटाचं काम."

दोन मिनिटांचं काम. त्यासाठी माझा दीड महिना गेला होता.

सोमवारी मामूंनी दोन चिठ्ठ्या आणून दिल्या. डिंक शाबूत.

आता मला रेघ कळली होती. उदाहरणं सुटायला लागली होती. इथं थांबलो असतो तर पास होऊन गुपचूप निघून गेलो असतो. मी थांबलो नाही. चिठ्ठ्या कंपासपेटीत ठेवल्या आणि दिवसाची वाट बघितली.

तो दिवस विद्यापीठाच्या तपासणी समितीनं आणला. समिती आमच्या वर्गात आली. तिचे प्रमुख वयस्कर, जाड भिंगाचे. सरांनी टेबलावर शंकापेटी मांडली होती, पुसून, वर झेंडूचं फूल. ते म्हणाले, "विद्यार्थी कितीही असोत. या पेटीतली एकही शंका अनुत्तरित राहत नाही."

मी उठलो. शेवटच्या बाकापासून टेबलापर्यंत चालत गेलो. त्या हॉलमध्ये एवढ्या पुढं मी कधी आलो नव्हतो. दोन्ही चिठ्ठ्या पेटीशेजारी ठेवल्या.

"ह्या राहिल्यात."

प्रमुखांनी एक उचलली. दोन घड्या उघडल्या आणि थांबले. "ही चिकटलीय."

"डिंक लावलाय. मीच. शंका आत आहे. वाचायची तर डिंक सुटायला पाहिजे होता."

"मग यांनी काय वाचलं?"

"नाव."

पावणेदोनशे मुलं. मागची बाकांवर उभी राहून बघायला लागली.

मी पुढं सांगितलं की हीच शंका, ह्याच शब्दांत बसूच्या नावानं टाकली तेव्हा सरांनी बोलावून समजावली. प्रमुखांनी बसूला उभं केलं. विचारलं, खरं का?

बसू पायांकडं बघत होता. "मला ठावं न्हाय, सर."

मी त्याची नोंद ठेवली.

प्रमुखांनी चाकूनं चिठ्ठी सोडवली. वाचली. सरांकडं पाहिलं. चिठ्ठी कोटाच्या खिशात घातली आणि म्हणाले, "पाहू." मग समिती जेवायला गेली. दुसरी चिठ्ठी मी उचलून घेतली.

तिसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या खोलीत बोलावणं आलं. सर खुर्चीत. मी उभा. प्राचार्य म्हणाले, माफी लिहून दे, नाहीतर परीक्षेचा फॉर्म पुढं जाणार नाही. सरांनी अर्धा कागद सरकवला.

"नाव वर लिही."

मी नाव वर लिहिलं. खाली दोन ओळी लिहिल्या. तीन घड्या घातल्या. खिशातून डिंकाची पुडी काढली. सरांपुढच्या पेल्यातल्या पाण्यात बोट बुडवलं. सर पेल्याकडं बघत राहिले. मी तिसरी घडी चिकटवली, हातानं दाबून धरली आणि कागद त्यांच्यापुढं ठेवला.

"उघडा."

त्यांना तो उघडावा लागला. बोटं ओल्या डिंकानं भरली. आत लिहिलं होतं: "आकड्याच्या डोक्यावरची रेघ कसली? आधी शंकेचं उत्तर. मग माफीचं बघू."

त्यांनी कागद प्राचार्यांकडं दिला. प्राचार्यांनी तो वाचला. एक चिठ्ठी समितीच्या खिशात होती, हे ते विसरले नव्हते. शेवटी म्हणाले, "सांगून टाका त्याला."

सरांनी सांगितलं. एक वाक्य. भिंतीवरच्या घड्याळात अर्धं मिनिटही झालं नाही. बोलताना ते माझ्याकडं बघत नव्हते. मी म्हणालो, "पुन्हा सांगा. कळलं नाही."

त्यांनी पुन्हा सांगितलं.

मला ते कळलेलं होतं. मला ते त्यांच्या तोंडून पाहिजे होतं, आणि दोनदा पाहिजे होतं. माफी मी दिली नाही. फॉर्मवर सही झाली. गणितात पास झालो. समितीच्या अहवालात त्या चिठ्ठीचं काही आलं नाही. पेटी जागेवर राहिली.

याला सात वर्षं झाली. आता मी एका दैनिकात आहे. मजकूर तपासतो, सभांच्या बातम्या आणतो. काल टेबलावर एक निमंत्रणपत्रिका आली. सरांचा जाहीर सत्कार. त्यांची शंकापेटी आता इतर कॉलेजांतही ठेवली जाते, असं पत्रिकेत छापलं आहे. "विद्यार्थ्यांच्या हाकेला धावून जाणारे गुरू," असंही छापलं आहे. स्वागत समितीत बसूचं नाव आहे. संपादकांनी काम माझ्यावर सोपवलं.

वार्ताहरांना पहिल्या रांगेत खुर्च्या असतात. मी जाणार आहे. दुसरी चिठ्ठी माझ्याकडं आहे. कागद पिवळा पडला, डिंक धरून आहे. भाषणं संपली की मी उठून ती सरांच्या हातात देणार, आणि सभेपुढं उघडायला लावणार. ते उघडतील तर काय वाचलं ते लिहीन. उघडणार नाहीत तर उघडली नाही असं लिहीन. विशेषण एकही घालणार नाही.

सरांचं नाव मी इथं लिहिलेलं नाही. ते बातमीत येईल. वरच्या ओळीत.